काजूगराचा कारखाना काढण्यापूर्वी : नव्वद दिवसांच्या खरेदीचे गणित

सिंधुदुर्गात काजू प्रक्रियेचा लहान कारखाना काढू पाहणारी मुले-मुली माझ्या कारखान्यात चौकशीला येतात, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न बहुधा यंत्रांचा असतो. बॉयलर कुठून घ्यावा, कटिंग मशीन हाताचे घ्यावे की स्वयंचलित, ड्रायर किती ट्रेचा असावा, असे ते विचारतात. मी त्यांना उलट विचारते की मार्चच्या पहिल्या आठवड्यात तुमच्या हातात रोख किती असेल, आणि त्यातली किती रक्कम पुढच्या जानेवारीपर्यंत मोकळी झाली नाही तरी घर चालेल? या प्रश्नाचे उत्तर ज्याच्याकडे आहे, त्याला यंत्रे निवडणे अवघड जात नाही. ज्याच्याकडे ते नाही, त्याने उत्तम यंत्रे घेतली तरी दुसऱ्या पावसाळ्यात त्याच्या शेडला कुलूप लागते. अशी कुलपे मी आमच्याच तालुक्यात पाहिली आहेत आणि त्या प्रत्येकाचे मला वाईट वाटले आहे, कारण ती माणसे कष्टाला कमी पडली नव्हती.

आपल्याकडे काजू बी फेब्रुवारीच्या अखेरीस येऊ लागते आणि मेच्या मध्यापर्यंत संपते. वळिवाचा पाऊस पडला की झाडाखालची बी काळी पडते आणि तिचा दर घसरतो. म्हणजे वर्षभर कारखाना चालवायचा असेल तर वर्षाचा कच्चा माल साधारण नव्वद दिवसांत विकत घेऊन, वाळवून, गोदामात ठेवावा लागतो. कोल्लम किंवा मंगळूरचे मोठे कारखाने आफ्रिकेतून जहाजाने बी मागवतात. पश्चिम आफ्रिकेचा हंगाम आपल्याच सुमारास असला तरी टांझानियाचा ऑक्टोबरपासून सुरू होतो, त्यामुळे त्यांना वर्षात दोनदा खरेदीची संधी मिळते. आपल्याला ती एकदाच मिळते. शिवाय आपल्या बाजारातला दर आपल्या पिकावर ठरत नाही. भारतातल्या कारखान्यांची गरज देशातल्या उत्पादनाच्या कितीतरी पुढे गेलेली असल्यामुळे आयात बीचा भाव उतरला की सावंतवाडीच्या बाजारातही भाव उतरतो. शेतकऱ्याला तो अन्याय वाटतो, आणि त्याच्या जागी उभे राहून पाहिले तर तो आहेच. २०२४ च्या हंगामासाठी राज्य शासनाने काजू बीला किलोमागे १० रुपये अनुदान जाहीर केले, ते याच तक्रारीमुळे.

आता गणित मांडते. दर सोयीसाठी धरलेला आहे, तुम्ही त्या वर्षीचा घालावा. समजा, तुम्ही १३० रुपये किलोने २० टन ओलसर बी घेतली. २६ लाख रुपये गेले. नवीन माणूस हिशेब करतो की चार किलो बीला एक किलो गर, म्हणजे गराला कच्च्या मालाचा खर्च ५२० रुपये. पण बी दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवल्यावर वजन घटते. सात टक्के घट धरली तर २० टनांचे १८,६०० किलो उरतात आणि १३० रुपयांची बी १४० रुपयांची होते. वाळलेल्या बीतून २६ टक्के गर निघाला, तर ४,८३६ किलो गर हातात येतो आणि केवळ बीचाच खर्च किलोला ५३८ रुपये पडतो. अजून यात मजुरी, वीज, सरपण, पॅकिंग काहीच नाही. त्यावर बँकेचे व्याज १२ टक्के आणि माल सरासरी पाच महिने पडून राहिला असे धरले, तर १ लाख ३० हजार रुपये व्याज होते, म्हणजे किलोमागे आणखी २७ रुपये. वाळवणीची घट आणि पडून राहिलेल्या पैशाचे व्याज हे दोन आकडे मला एकाही नवीन उद्योजकाच्या प्रकल्प अहवालात धड मांडलेले दिसले नाहीत. अहवाल करून देणारा यंत्रांची कोटेशने मात्र नीट जोडतो.

मी हे पहिल्याच वर्षी शिकले, आणि महाग शिकले. आमच्या खळ्यात वजनकाटा मांडून मी खरेदीला बसले होते. वाडीतली माणसे पिशव्या घेऊन येत होती, मी दर लिहीत होते आणि मोजून पैसे देत होते. पहिल्या दिवसापासून माझ्याकडे कामाला असलेल्या काकी बाजूला बसून पिशवीत हात घालत, मूठभर बिया काढून दोन तळव्यांत हलवत आणि कानाशी नेत. शेवटी त्या मला म्हणाल्या, "बाय, बियो वाजतत काय ता बग, मगे घे." वाळलेली बी खणखणीत वाजते, ओली बी मुकी राहते. मी हसून सोडून दिले. एप्रिलच्या शेवटी ढगाळ हवा होती, वाळवण अर्धवट झाली, तरी पोती थप्पीला लावली. जुलैत एक पोते उघडले तेव्हा उबट, आंबूस वास आला. बी फोडली तर गरावर पिवळट डाग पडलेले होते. भिंतीला टेकलेल्या सगळ्या पोत्यांची तीच गत होती. त्या वर्षीचा नफा तिथेच संपला.

त्यानंतर आजपर्यंत मी चाचणी केल्याशिवाय लॉट घेतलेला नाही. तीन-चार पोत्यांच्या वरून, मधून आणि तळातून मिळून एक किलो बी घ्यावी आणि आधी नग मोजावेत. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या वेंगुर्ला-७ जातीची बी साधारण दहा ग्रॅमची असते, म्हणून किलोत शंभराच्या आसपास बसते. जुन्या गावठी झाडांची बारीक बी दोनशेपर्यंत जाते. मग प्रत्येक बी आडकित्त्याने उभी कापावी आणि भरलेला गर, सुकून गेलेला गर व किडका गर असे तीन ढीग करावेत. पहिल्या ढिगाचे वजन करून मगच दर बोलावा. वीस-पंचवीस मिनिटे लागतात. वाळवताना बीतली आर्द्रता आठ-नऊ टक्क्यांवर आली पाहिजे, पोती लाकडी फळ्यांवर आणि भिंतीपासून हातभर दूर असली पाहिजेत. कोकणातल्या पावसाळ्यात याला पर्याय नाही.

बँकेकडे जाल तेव्हा यंत्रांचे मुदत कर्ज आणि खेळत्या भांडवलाचे कॅश क्रेडिट, म्हणजे मालाच्या तारणावर ठरलेल्या मर्यादेत लागेल तसे उचलायचे कर्ज, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मनात पक्के ठेवा. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेत पात्र प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये, असे कर्जाशी जोडलेले अनुदान आहे. चालू वर्षी अर्ज घेतले जात आहेत का, हे कृषी कार्यालयात विचारून घ्यावे. योजना चांगली आहे, परंतु अनुदान हातात पडत नाही, ते कर्जखात्याशी बांधलेले राहते आणि त्यातून मार्चमधली बी घेता येत नाही. बी घेण्यासाठी कॅश क्रेडिट लागते आणि तिथे बँक मालाच्या किमतीतला काही भाग तुम्हाला घालायला लावते. पंचवीस टक्के मार्जिन असेल, तर २६ लाखांच्या मालावर साडेएकोणीस लाख उचलता येतात आणि साडेसहा लाख स्वतःचे लागतात. माझा पहिला अर्ज मी जानेवारीत दिला होता. कागदपत्रांच्या फेऱ्या होता होता मर्यादा मंजूर झाली ती मेच्या तिसऱ्या आठवड्यात, तेव्हा बाजारात उरली होती ती पावसाने भिजलेली बी. तेव्हापासून माझे नूतनीकरणाचे कागद दिवाळीच्या आत शाखेत जातात. स्टॉक स्टेटमेंट, म्हणजे शिल्लक मालाचा तक्ता, बँकेला दर महिन्याला खरे आणि वेळेवर द्या. शाखाधिकारी बदलत राहतात, पण नव्या अधिकाऱ्याने फाइल उघडल्यावर त्याला तुमची तीच ओळख होते.

आणखी एक गोष्ट, जी मला कोणीच सांगितली नव्हती. जीएसटी नोंदणी असलेल्या उद्योजकाने थेट शेतकऱ्याकडून टरफलासकट काजू बी घेतली, तर त्यावरचा ५ टक्के कर शेतकरी भरत नाही, खरेदीदाराने स्वतः भरायचा असतो. यालाच रिव्हर्स चार्ज म्हणतात. ही रक्कम रोखीने भरावी लागते, जमा असलेल्या इनपुट क्रेडिटमधून, म्हणजे इतर खरेदीवर आधीच भरलेल्या कराच्या वजावटीतून, वळती करता येत नाही. भरल्यानंतर तिचे क्रेडिट मिळते आणि पुढे गराच्या विक्रीवरील करात ते वापरता येते, म्हणजे अखेरीस पैसे बुडत नाहीत. पण २६ लाखांच्या खरेदीवर १ लाख ३० हजार रुपये ऐन हंगामात, तिजोरी रिकामी असताना काढावे लागतात. खरेदीच्या रकमेत हे पैसे पहिल्याच दिवशी धरून ठेवावेत.

कामाच्या बायांविषयी लिहिल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही. बी वाफवणे, दिवसभर निववणे, कापणे, गर ड्रायरमध्ये वाळवणे, साल काढणे, प्रत लावणे, यातले बहुतेक काम आजूबाजूच्या वाड्यांतल्या बाया करतात आणि गर अख्खा निघणे किंवा तुटणे त्यांच्या हातावर अवलंबून असते. बाजारात डब्ल्यू २४० म्हणजे एका पौंडात जास्तीत जास्त २४० अख्खे गर. तोच गर दुभंगला तर पाकळी होते आणि भाव खाली येतो. नवे लोक भाव विचारताना अख्ख्या गराचा विचारतात, प्रत्यक्षात पाकळी, तुकडा आणि कणी धरून सरासरी काय पडते, यावर कारखाना चालतो. टरफलातल्या तेलाने हाताची कातडी जळते, म्हणून चांगले हातमोजे आणि हाताला लावायला तेल द्या, आणि मोज्यांमुळे काम थोडे मंदावले तर ते सोसा. आमच्याकडे जून-जुलैत लावणी, मग चतुर्थी, मार्चमध्ये शिमगा, या दिवसांत शेड रिकामी राहते. सुरुवातीला मला याचा त्रास व्हायचा. आता मी वर्षाचे नियोजनच या सणांभोवती करते, वाफवण्याचे काम लावणीआधी उरकते आणि चतुर्थीच्या आधी मजुरीचा सगळा हिशेब चुकता करते.

विक्रीकडे वळू. घाऊक व्यापारी एकदम माल उचलतो, म्हणून तो सोपा वाटतो. एका व्यापाऱ्याने दिवाळीसाठी नेलेल्या मालाचे पैसे मला पुढच्या जूनमध्ये, तेही चार हप्त्यांत दिले. मधल्या मार्चमध्ये माझ्या दारावरून चांगली बी दुसरीकडे गेली. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात, आणि १ एप्रिल २०२४ पासून या मुदतीत पैसे न देणाऱ्या खरेदीदाराला ती रक्कम प्रत्यक्ष चुकती केली त्या वर्षीच प्राप्तिकरात खर्च म्हणून दाखवता येते. त्यासाठी तुमची उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, हवी. ती निःशुल्क आहे, तिच्यासाठी कोणालाही पैसे देऊ नका. बिलावर उद्यम क्रमांक आणि देय तारीख छापून घेतल्यापासून माझी वसुली सुधारली. तक्रार दाखल करण्याची वेळ आली नाही हे बरे झाले, कारण लहान बाजारात तक्रारीनंतर ते गिऱ्हाईक परत येत नाही.

संधी मला दिसते ती थेट विक्रीत. मे महिन्यात आणि चतुर्थीला चाकरमानी येतात, मालवण-वेंगुर्ल्याला पर्यटक येतात, आणि मुंबईला परत जाताना प्रत्येकाला गावचा काजू न्यायचा असतो. सालासकट भाजलेला काजू त्यांना आवडतो आणि त्यात साल काढण्याची मजुरी वाचते. मार्चमधले ओले काजूगर तर उसळीसाठी मागतील त्या भावाने जातात, मात्र ते टिकत नाहीत आणि सोलायला फार वेळ खातात. वेंगुर्ला काजूला भौगोलिक मानांकन (जीआय), म्हणजे त्या भागाच्या नावाला कायद्याचे संरक्षण, आहे. ते पाकिटावर लावायचे असेल तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते, आणि ती करावी असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. बी कमी पडली की आमच्यातलेही काही जण आयात बी घेऊन तिचा गर 'कोकणी' म्हणून विकतात. आयात बी फोडण्यात काही गैर नाही, पण पाकिटावर खोटे लिहिणे मला सहन होत नाही. त्या नावामागे पिढ्यान्‌पिढ्यांच्या बागा आहेत. बोंडूचे, म्हणजे काजूच्या फळाचे, काय करावे हे मात्र अजून नीट सुटलेले नाही. गोव्यात त्याची फेणी होते आणि तिला २००९ पासून मानांकन आहे, आपल्याकडे बहुतांश बोंडू झाडाखालीच कुजतो. सरबत मी करून पाहिले, चव चांगली आली, पण बोंडू एका दिवसात खराब होतो आणि नेमका बी खरेदीच्या धांदलीत येतो. ज्याच्याकडे स्वतःची बाग आहे आणि घरात दोन जास्तीचे हात आहेत, त्याने हा प्रयत्न जरूर करावा.

पहिल्या वर्षी दोन-तीन टनांच्या वर खरेदी करू नका, आणि शक्य असेल तर त्याच्याही आधी एक पूर्ण हंगाम दुसऱ्याच्या कारखान्यात काढा. माझ्याकडे दरवर्षी मार्चपासून एक-दोन जण येतात. मी त्यांना कटिंग मशीनवर बसवत नाही, आधी खळ्यातल्या वजनकाट्याशी काकींच्या शेजारी बसवते आणि हातात आडकित्ता देते. मेअखेरपर्यंत त्यांनी खरेदीची वही स्वतः लिहायची, प्रत्येक लॉटपुढे नग, घट आणि निघालेला गर नोंदवायचा, आणि पोती फळ्यांवर रचून झाली की त्या वहीवरून मला सांगायचे की या वर्षी गर कोणत्या भावाच्या खाली विकायचा नाही.