टँकवाल्या मामांच्या आठवणींवरून टेबलवर असल उत्तरची लढाई कशी खेळायची

वॉरगेम, म्हणजे टेबलवर छोटे टँक मांडून फाशांवर लढाया खेळणारे आपण सगळे चिलखत किती मिलिमीटर आणि गोळा किती अंतरावरून भेदतो यातच अडकून बसतो, मीही बरीच वर्षं तेच केलं. माझे मामा लष्करात विजयंता टँकवर गनर, म्हणजे तोफेचा नेम धरणारे होते. त्यांनी एकदा शेजारी बसून माझा आख्खा गेम बघितला आणि शेवटी एवढंच विचारलं, "अरे, पण तुझ्या टँकवाल्याला हे सगळं दिसलं कुठून?" त्या दिवसापासून मी नियम नव्याने लिहायला घेतले. तर तुमच्या घरात, शेजारी, ओळखीत कोणी आर्मर्डमधून, म्हणजे लष्कराच्या टँक दलातून रिटायर झालेलं असेल तर आधी त्यांच्याजवळ जाऊन बसा, फासे नंतर.

आता विचारायचं काय. "किती टँक उडवले" हे कधीच विचारू नका. उन्हात पत्रा किती तापायचा, झोपायचात कुठे, चहा कोण करायचं, फायर झाल्यावर कानात काय व्हायचं, असं विचारा. आणि हातात मॉडेल द्या, हे सगळ्यात महत्त्वाचं. मी मामांना अर्धवट जोडलेलं मॉडेल दिलं तर त्यांनी टरेटवर, म्हणजे तोफेच्या फिरत्या घुमटावर बोट ठेवून डावीकडे गोळे भरणारा लोडर, उजवीकडे मी, माझ्या मागे वरच्या बाजूला कमांडर, ड्रायव्हर खाली पुढे असं दाखवलं आणि मग दोन तास थांबलेच नाहीत. मधेच गप्प झाले तर आपणही गप्प बसायचं. सध्या सेवेत असलेल्या गाड्यांबद्दल मात्र खोदून विचारू नका, त्यांना अवघड होतं.

जमलं तर नगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियमला घेऊन जा, १९९४ पासून आहे. चिलखती कोअरचं ट्रेनिंगच नगरला, त्यामुळे या माणसांसाठी ते गाव म्हणजे तरुणपण. विजयंतासमोर मामा जे बोलले ते घरी सोफ्यावर कधी बोलले नव्हते.

आता लढाई. सुरुवातीला असल उत्तर घ्या, १९६५ च्या भारत-पाक युद्धातली, ८ ते १० सप्टेंबर, पंजाबात खेमकरणजवळ. मामा त्या युद्धात नव्हते, पण तेव्हाच्या आपल्या सेंच्युरियन टँकमध्येही चौघंच आणि बसायची रचनाही तशीच, म्हणून त्यांच्या आठवणी इथे चालतात. पाकिस्तानकडे ९० मिमी तोफेचे पॅटन टँक, आपल्याकडे थर्ड कॅव्हलरीचे सेंच्युरियन, डेक्कन हॉर्सचे जुने शर्मन, एट्थ लाइट कॅव्हलरीचे हलके एएमएक्स-१३ आणि पायदळाच्या जीपवरच्या टँक फोडणाऱ्या १०६ मिमी रिकॉइललेस गन, ज्यातल्या एकीवर ४ ग्रेनेडियर्सचे अब्दुल हमीद होते. आपण घोड्याच्या नालेसारखी मांडणी केली, शेतांत पाणी सोडलं, आणि पॅटन उसात अन् चिखलात शिरले. भारतीय आकड्यांनुसार ९७ पाकिस्तानी टँक गेले किंवा हाती लागले.

टेबल १८० बाय १२० सेंमी, १ सेंमी म्हणजे २० मीटर धरा. १/२८५ स्केलचा सेंच्युरियन पावणेतीन सेंमीचा होतो, थ्री-डी प्रिंट करा नाहीतर पुठ्ठ्याचे कापा, काही बिघडत नाही. उसासाठी खराट्याच्या काड्या बारीक कापून दाट लावा.

नियमांत मी सगळ्यात जास्त वेळ हॅचवर, म्हणजे कमांडरच्या डोक्यावरच्या झाकणावर घालवला, कारण मामांच्या बोलण्यात तेच पुन्हा पुन्हा यायचं. हॅच बंद असेल तर टँकला फक्त समोरचा ६० अंशांचा भाग दिसतो, पेरिस्कोपमधून तेवढंच. हॅच उघडून कमांडर डोकं बाहेर काढतो तेव्हा चारी बाजू दिसतात, पण जवळ गोळा पडला की फासा टाकायचा आणि १ आला तर कमांडर गेला, मग तो टँक एक पाळी नुसता उभा. उसात कोणालाच ५ सेंमीच्या पलीकडे दिसत नाही. लपलेली जीप कागदावर लिहून ठेवा, टेबलवर ठेवूच नका, पहिला फायर झाल्यावर मांडा. ओल्या शेतात शिरलेल्या टँकला १ किंवा २ आला की रुतला. आणि लोडर: मामांच्या विजयंताच्या १०५ मिमी तोफेचा एक राउंड साधारण २० किलोचा, मामा सांगतात की भराभर भरताना हात भरून येतात, म्हणून सलग तीन पाळ्या फायर केला तर चौथी पाळी लोडिंगची.

एक नियम मामांनी स्वतः घालायला लावला. मी मारलेला टँक उचलून डब्यात टाकत होतो, तर त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "आतले चौघं कुठे गेले ते आधी बघ." तेव्हापासून आमच्याकडे टँकला हिट बसला की चार फासे वेगळे टाकतो, प्रत्येक माणसाचा एक, ४ च्या वर आला तर तो बाहेर पडला. बाहेर पडलेल्यांना पायदळापर्यंत आणायचं, त्याचे पॉइंट टँक मारण्याइतकेच. मामा खेळायला बसतात तेव्हा ते काम त्यांच्याकडे असतं.