मागचा ॲक्सल बदललेल्या जुन्या ट्रकला ब्रेक शू जुळत नसतील तर

लक्षण असं: नवे शू (आतून ड्रमला घासून चाक थांबवणाऱ्या कमानी) बसवले की ड्रम, म्हणजे चाकाबरोबर फिरणारा डबा, त्यांच्यावर चढतच नाही. मॉडेल-वर्षावरून मागवलेले शू परत गेले, चासी नंबरावरून आलेलेही तसेच. डोकं फिरायची वेळ आली. कागदपत्रं मूळ ॲक्सलची, गाडीखाली मात्र भलताच ॲक्सल.

जमलं ते या क्रमाने. पुढची चाकं सरकू नयेत म्हणून त्यांना ओट, गाडी स्टँडवर, हँडब्रेक सैल. ॲक्सलच्या नळीवरचा गंज तारेच्या ब्रशने काढून नंबर टिपला. मग ड्रमवर ओतलेला कमाल व्यासाचा, म्हणजे घासून जास्तीत जास्त किती चालेल त्याचा आकडा वाचला: १२.०९ इंच. म्हणजे मूळ ड्रम १२ इंची. घासलेल्या ड्रमचं नुसतं आतलं माप घेऊ नका, ते नेहमी जास्तच भरतं. त्यानंतर जुन्या लायनिंगची (शूवरच्या घासणाऱ्या पट्टीची) रुंदी आणि व्हील सिलिंडरचा (शू बाहेर ढकलणाऱ्या सिलिंडरचा) बोअर, म्हणजे आतला व्यास, कॅलिपरने मोजला. दुकानात गाडीचं नावच काढलं नाही. ॲक्सलचा नंबर, तीन मापं आणि जुना शू समोर ठेवला. पहिल्याच खोक्यात जोड मिळाला.

बसवताना आखूड लायनिंगचा शू पुढे, लांबचा मागे. शू आणि ड्रममधलं अंतर कमी-जास्त करणाऱ्या डाव्या-उजव्या ॲडजस्टरची अदलाबदल नको, आटे उलटे असतात. ड्रम फिरवताना किंचित घासल्याचा आवाज येईपर्यंत ॲडजस्टर फिरवला.