दुबईत राहून जर्मनीच्या ब्लू कार्डचा अर्ज: आधी नाव जुळवा

ब्लू कार्ड म्हणजे पदवीधरांना जर्मनीत नोकरीसाठी मिळणारा निवास परवाना. "त्याच्या व्हिसासाठी भारतात जावं लागेल का?" हे मला सगळ्यात जास्त विचारलं जातं. नाही. तुम्ही यूएईत रहिवासी व्हिसावर राहत असाल तर अर्ज इथूनच करायचा. जर्मन वकिलात तुम्ही कायदेशीरपणे कुठे राहता ते बघते. व्हिजिट व्हिसावर आलेल्यांनी मात्र इथून प्रयत्न करू नये.

माझा, नवऱ्याचा आणि नंतर ओळखीतल्या सात-आठ जणांचा अर्ज मी इथूनच भरून दिला आहे. नोकरीचा करार हातात आहे असं धरूनच पुढचं लिहिते.

पगार. २०२६ साठी वर्षाला किमान ५०,७०० युरो लागतात. अभियंते, डॉक्टर, आयटीवाले अशा टंचाईच्या व्यवसायांना ४५,९३४.२० युरो पुरतात. कंपनीच्या मर्जीवरचा बोनस यात धरू नका. करारात हमीने लिहिलेला आकडाच मोजतात.

पदवी. अनाबिन नावाचा जर्मन सरकारी डेटाबेस आहे, फक्त जर्मन भाषेत. त्यात विद्यापीठाला 'एच प्लस' (मान्यताप्राप्त) दर्जा आहे का ते बघा, मग तुमची पदवी शोधा आणि दोन्ही पानं छापून ठेवा. कॉलेजचं नाव सापडलं नाही म्हणून घाबरू नका, पदवी देणारं विद्यापीठ शोधा. पदवी २०१४ च्या आधीची असेल तर तिच्यावर पुणे विद्यापीठ छापलेलं असेल आणि आजचं नाव सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आहे. वकिलातीतल्या अधिकाऱ्याला हे माहीत असेल असं गृहीत न धरता सोबतच्या पत्रात एका ओळीत सांगा. पदवी डेटाबेसमध्ये नसेल तर परदेशी पदव्या तपासणाऱ्या बॉनच्या झाब या कार्यालयाकडून मूल्यांकन करून घ्यावं लागतं, त्याचं शुल्क २०८ युरो.

आता नाव. आपल्या मराठी माणसांचे अर्ज इथे अडतात, आणि याबद्दल कोणी धड सांगत नाही.

आपल्या गुणपत्रिकांवर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, कधी शेवटी आईचंही. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात, आणि स्वतःचं व वडिलांचं नाव मिळून दुसऱ्या रकान्यात. लग्न झालेल्या बाईचं तर मधलं नावही बदलतं आणि आडनावही. समजा, पदवीवर 'पवार सुजाता दत्तात्रय' आहे आणि पासपोर्टवर 'सुजाता महेश जगताप'. आपल्याला ही एकच बाई दिसते. जर्मन अधिकाऱ्याला दोन दिसतात, आणि त्यात त्याची चूक नाही.

माझं असंच झालं. कंपनीने करारात नवऱ्याचं नाव माझं आडनाव म्हणून टाकलं, पदवी माहेरच्या नावाची, अर्जात तिसरंच काही. काउंटरवरून फाइल परत आली, आणि पुढची अपॉइंटमेंट मिळेपर्यंत रुजू होण्याची तारीख उलटून गेली होती. त्या रात्री मी रडले होते. म्हणून कळकळीने सांगते, हे काम पहिल्या दिवशी करा.

पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाशी दोन ओळी असतात. वरच्या ओळीत सुरुवातीच्या 'P<IND' या खुणेनंतर आडनाव, मग बाणासारख्या दोन खुणा, मग बाकीची नावं. तुमच्या नावाची ती अंतिम फोड समजा. करार, अर्ज, विमा सगळं त्याप्रमाणे, अक्षर न् अक्षर. करारात चूक असेल तर सही करण्याआधी कंपनीकडून दुरुस्त करून घ्या. त्यांना दोन मिनिटं लागतात.

मग जुन्या आणि नव्या नावाचा दुवा दाखवा. सगळ्यात भक्कम पुरावा म्हणजे माहेरच्या नावाचा जुना पासपोर्ट, कारण नव्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर जुन्याचा क्रमांक छापलेला असतो. तो माहेरी कपाटात पडला असेल तर आजच मागवा. जोडीला विवाह नोंदणीचा दाखला, मराठीत असेल तर भाषांतरासह. सासरी तुमचं स्वतःचं नावही बदललं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातली नोंद लागेल. नुसतं प्रतिज्ञापत्र करा असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. 'मीच ती' हे तुम्हीच तुमच्याबद्दल लिहून दिलेलं असतं. ते पूरक म्हणून जोडा, त्याच्या भरवशावर राहू नका.

वडिलांच्या नावात एखादं इंग्रजी अक्षर कमी-जास्त असेल तर पत्रात स्पष्ट लिहा आणि सोडून द्या. त्यासाठी अर्धवट टप्प्यावर पासपोर्ट बदलायला जाऊ नका. इथला रहिवासी व्हिसा, एमिरेट्स आयडी, करार सगळं त्याच पासपोर्टला बांधलेलं असतं.

दुसरा वाईट सल्ला अपोस्टिलचा, म्हणजे कागदपत्र खरं असल्याच्या आंतरराष्ट्रीय शिक्क्याचा. भारत २००५ मध्ये अपोस्टिल करारात आला, पण जर्मनीने त्यावर हरकत घेतली. त्यामुळे या दोन देशांमध्ये तो करार लागू नाही. तरीही एजंट त्यासाठी पैसे घेतात, आणि लोक मूळ पदवी कुरिअरने मुंबईला पाठवून महिना घालवतात. पदवीच्या मागे यूएईसाठी मारलेले शिक्के असतील तर तेही या अर्जात कामाचे नाहीत. वकिलातीच्या यादीत जे नाही ते करू नका.

बाकी सोपं आहे. १ जानेवारी २०२५ पासून अर्ज जर्मन परराष्ट्र खात्याच्या ऑनलाइन पोर्टलवर भरता येतो. कंपनीने भरलेला नोकरीचा तपशील-फॉर्म जोडा. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटर. बोटांचे ठसे द्यायला प्रत्यक्ष जावं लागतं. शुल्क ७५ युरो, दिरहममध्ये भरायचं. आरोग्य विमा प्रवासाच्या दिवसापासून नोकरी सुरू होईपर्यंतचा हवा.

इथल्या नोकरीचा राजीनामा जर्मन व्हिसा हातात येईपर्यंत देऊ नका. तुमचा रहिवासी व्हिसा रद्द झाला तर ज्या आधारावर इथून अर्ज केला तोच जातो.

पासपोर्ट परत मिळाला की काउंटरवरून हलू नका. स्टिकरवरचं नाव आणि सुरू होण्याची तारीख तिथेच उभं राहून वाचा, चूक असेल तर तेव्हाच दाखवा.