सोलच्या राष्ट्रीय नाट्यगृहापासून सुरुवात: कोरियन संगीत-नाट्य शिकू पाहणाऱ्यांसाठी

सोलमध्ये शिकायला किंवा नोकरीला आलात आणि इथली पारंपरिक कला नीट समजून घ्यायची असेल, तर आधी तीन नावं वेगळी करा. नामसान टेकडीच्या उतारावर आहे ते कोरियाचं राष्ट्रीय नाट्यगृह. राष्ट्रीय नाटक कंपनी 2010 मध्ये त्यातून बाहेर पडून स्वतंत्र झाली. सोलच्याच सोचो भागातलं राष्ट्रीय गुगाक केंद्र ही तिसरी संस्था. गुगाक म्हणजे पारंपरिक कोरियन संगीत. नामसानच्या नाट्यगृहाच्या स्वतःच्या मंडळ्या तीन: चांगगुक म्हणजे पारंपरिक संगीत-नाट्य आणि नृत्य (दोन्ही 1962 सालच्या) आणि गुगाक वाद्यवृंद (1995).

सीझन साधारण ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरमध्ये सुरू होऊन पुढच्या जूनपर्यंत चालतो. जुलैमध्ये गुगाकला जॅझ, रॉक आणि इतर संगीताशी जोडणारा योउराक महोत्सव असतो. तो 2010 पासून भरतो. नवख्यांना आधी तिथेच जावंसं वाटतं, पण मूळ ताल कानात नसताना तो ऐकला तर नेमकं काय बदललंय ते कळत नाही. म्हणून पहिलं तिकीट चांगगुकचं काढा. पानसोरी हा एकट्या गायकाचा कथागायनाचा प्रकार. तीच कथा अनेक पात्रं, वेशभूषा आणि वाद्यवृंद घेऊन रंगमंचावर आली की चांगगुक होतं. मोठे प्रयोग 1,221 आसनांच्या हेओरुम सभागृहात होतात. ते नूतनीकरणानंतर 2021 मध्ये पुन्हा उघडलं. इंग्रजी उपशीर्षकं आहेत का, हे त्या प्रयोगाच्या पानावर पाहूनच तिकीट काढा. बुकिंग करताना बरेचदा कोरियन मोबाईल नंबरवर ओळख पटवण्याची पायरी येते आणि पर्यटक तिथेच अडकतात. नाट्यगृहाच्या इंग्रजी साइटवरून किंवा फोनवरून विचारलेलं बरं.

मेट्रोच्या तीन नंबर लाइनवर डोंगगुक विद्यापीठ स्टेशनला उतरून सहा नंबरच्या दाराने बाहेर या. तिथून चढ आहे, पायी पंधरा मिनिटं धरा. प्रयोगाच्या आधी शटल बस असते, पण ती चुकली तर चढण चढण्याइतका वेळ हाताशी हवा. उशीर झाला की आत सोडण्यासाठी थांबवून ठेवतात, आणि सुरुवातीचा भाग गेला तो गेला.

यानंतर वानछांग ऐका, म्हणजे एका गायकाने सलग गायलेली संपूर्ण पानसोरी. नाट्यगृहात ही परंपरा 1984 पासून आहे. कथेनुसार कार्यक्रम तीन तासांपासून सहा-सात तासांपर्यंत जातो. आज पाच कथा गायल्या जातात: छुनह्यांग, सिमछोंग, हुंगबो, सुगुंग आणि जॉकब्यॉक. कीर्तनकार निरूपणातून अभंगात जातो, तसा इथे गायक बोलण्यातून (आनिरी) गाण्यात (सोरी) शिरतो. साथीला फक्त एक ढोलवादक, गोसू. श्रोतेही मध्येच ‘ऑल्सिगू!’, ‘जोथा!’ अशी दाद देतात. ही दाद, छुइम्से, ओळ संपून गायक श्वास घेतो त्या फटीत द्यायची. लांबवलेल्या सुरावर ओरडलं तर गायकाचा तोल जातो. दरबारी किंवा विधीच्या संगीतात मात्र शांत बसायचं.

आता शिकण्याचं. परदेशी लोकांसाठीचे वर्ग राष्ट्रीय नाट्यगृहानेही चालवले आहेत आणि गुगाक केंद्रातही असतात. विषय, शुल्क आणि तारखा सत्रागणिक बदलतात, तेव्हा जुन्या माहितीवर बेत आखू नका. वर्ग आठवड्यातून एकदा आणि काही महिने चालणारे असतात. दोन आठवड्यांच्या सहलीवर आलेल्याला त्यातून काही मिळत नाही.

वाद्य निवडायचं तर आमचं स्पष्ट मत आहे, जांगगू घ्या. मधे बारीक कमरेचा हा दुतोंडी ढोल गाण्याला, नाचाला, वाद्यसंगीताला, सगळीकडे लागतो, त्यामुळे पुढे काहीही शिका, याचा पाया उपयोगी पडतो. डावी बाजू जाड कातड्याची, तळहाताने वाजते. उजवी बाजू पातळ, बांबूच्या बारीक काडीने वाजते. बोल आहेत: दोन्ही हात एकत्र ‘दॉंग’, डावा ‘कुंग’, उजवा ‘दॉक’, उजव्या काडीचा आधी हलका आणि लगेच मुख्य ठोका ‘गीदॉक’ आणि घरंगळती काडी ‘दॉरॉरॉरॉ’. आधी तोंडाने म्हणा, मग मांडीवर, मग वाद्यावर. गुतगॉरी या तालापासून सुरुवात करा: चार ठोके, प्रत्येकात तीन भाग.

तबला किंवा पखवाज शिकलेल्यांची इथे एक हमखास चूक होते. समेवर जोर देण्याची सवय त्यांना सोडवत नाही. पानसोरीच्या बारा मात्रांच्या जुंगमोरीत खरा जोर नवव्या मात्रेवर असतो, आणि तो पहिलीवर दिला की गाण्याचा श्वासच तुटतो. दुसरी अडचण बोटांची. उजव्या हाताची काडी मनगटाने चालते. ती घट्ट धरली तर आवाज कोरडा येतो आणि ‘दॉरॉरॉरॉ’ घरंगळतच नाही. पावसाळ्यात कातडं सैल पडतं, तेव्हा दोरीवरच्या कातडी पट्ट्या सरकवून ताण वाढवावा लागतो. हे शिक्षकांकडून पहिल्याच दिवशी शिकून घ्या. सामुलनोरीच्या (चार तालवाद्यांच्या समूहवादनाच्या) वर्गात डाव्या हातालाही काठी असते, म्हणून नाव नोंदवतानाच विचारा, हाताची शैली की काठीची.

पानसोरी गाताना खरखरीत आवाजाची नक्कल करू नका. तो खरखरीतपणा पोटाच्या जोरावर वर्षानुवर्षांच्या रियाजातून येतो. घसा आवळून काढला तर काही दिवसांत आवाज बसतो. कायागुम (बारा तारांचं वाद्य) हवी असेल तर डाव्या हाताच्या बोटांना पहिले आठवडे फोड येतील, आणि तारांखालचे घोडे सुटे असल्याने जोराच्या छेडीने ते घसरतील. हे वाद्य दीड मीटरच्या आसपास लांब असतं. लगेच विकत घेऊ नका, वर्गातलंच वापरा.

पदवीसाठी जायचं असेल तर कोरिया राष्ट्रीय कला विद्यापीठात पारंपरिक कलांचा वेगळा विभाग आहे. तिथे प्रात्यक्षिक बघतात, त्यामुळे वर्षभराचा हौशी अनुभव पुरणार नाही. सरकारी जीकेएस शिष्यवृत्तीला वकिलातीमार्फत किंवा थेट विद्यापीठामार्फत अर्ज करता येतो. त्यात पहिलं वर्ष भाषेचं असतं आणि टोपिक या कोरियन भाषेच्या परीक्षेची तिसरी पातळी गाठल्याशिवाय पदवीला बसू देत नाहीत. भाषा भारतातूनच सुरू करा, कारण गुरू सूचना कोरियनमध्येच देतात. विद्यार्थी व्हिसावर असताना मोबदला घेऊन कार्यक्रम करायचा असेल, तर आधी इमिग्रेशन कार्यालयाची परवानगी घ्या.