ट्रकचालकाच्या नोकरीचे पत्र आणि लायसन्सच्या मागची तारीख

सांगलीच्या मार्केट यार्डात हळद, गूळ किंवा बेदाणा भरणाऱ्या गाडीवर चालक म्हणून लागायचे असेल, तर तुम्हाला कोणी पत्र मागणार नाही. मालक लायसन्स पाहतो, आधी कोणाच्या गाडीवर होतास ते विचारतो, वजनकाट्यापर्यंत एक फेरी मारायला लावतो आणि संध्याकाळी ताडपत्री बांधायला उभे करतो. मात्र ज्या कंपन्यांचा स्वतःच्या गाड्यांचा ताफा आहे, किंवा जेथे दुधाचे, गॅसचे टँकर आणि मोठे ट्रेलर चालतात, तेथे बायोडाट्यासोबत एक पानाचे पत्र द्यावे लागते आणि गाडी उत्तम चालवणारी आपली माणसे नेमकी त्या पानावर अडतात. मीही अडलो होतो. २०२१ साली एका कंपनीने मला स्टिअरिंगला हातही लावू न देता, केवळ पत्र वाचून परत पाठवले. आज मी तशाच कामावर आहे, तरी तो दिवस आठवला की अजून कान तापतात.

बायोडाट्यात काय लिहायचे हे बहुतेकांना ठाऊक असते, म्हणून त्यात वेळ घालवत नाही. मी जेथे पडलो, तो खड्डा दाखवतो.

माझ्या पत्राचे पहिलेच वाक्य असे होते : "मला जड वाहन चालवण्याचा १२ वर्षांचा अनुभव आहे." ते लिहिताना आपण खोटे बोलत आहोत असे मला मुळीच वाटले नव्हते. २००९ साली मी एका दहाचाकी गाडीवर क्लीनर म्हणून चढलो, २०१२ पासून पिकअप चालवून तासगावची द्राक्षे वाशीच्या बाजारात पोहोचवू लागलो आणि २०१७ साली माझ्या लायसन्सवर जड मालवाहू वाहनाचा वर्ग चढला. आपल्याकडे गाडीवर पहिला पाय ठेवला त्या दिवसापासून वर्षे मोजण्याची रीत आहे, आणि मी तीच पत्रात उतरवली. समोरच्या साहेबांनी पत्र बाजूला ठेवले, लायसन्स उलटे केले, त्या वर्गासमोरच्या तारखेवर बोट ठेवले आणि आवाज न चढवता विचारले, "२०१७ च्या आधी ट्रक कोणत्या लायसन्सवर चालवत होता?"

या प्रश्नाला दोनच उत्तरे होती आणि दोन्ही मला बुडवणारी होती. चालवत नव्हतो म्हणावे, तर पत्र खोटे ठरत होते. चालवत होतो म्हणावे, तर विनापरवाना जड वाहन चालवल्याची कबुली मी स्वतःच सही करून दिल्यासारखे होत होते. मी गप्प राहिलो आणि मुलाखत तेथेच संपली.

हा मुद्दा मी पुन्हा सांगतो, कारण दरवर्षी कोणीतरी हीच चूक करून माझ्याकडे येतो. लायसन्सवर प्रत्येक वर्गासमोर त्याची वेगळी तारीख छापलेली असते. मोटारसायकलची तारीख निराळी, हलक्या वाहनाची निराळी आणि जड वाहनाची निराळी. पत्र वाचणारा माणूस सर्वांत आधी तीच पाहतो, आणि ती पाहण्यामागे त्याचा खडूसपणा नसतो. लायसन्स नसलेल्या माणसाच्या हाती गाडी दिली, तर मोटार वाहन कायद्याप्रमाणे चालकाबरोबर मालकही दोषी ठरतो; आणि अपघात झाला, तर विमा कंपनी तेच कारण पुढे करून अंग काढून घेऊ शकते किंवा भरपाई देऊन ती मालकाकडून वसूल करू शकते. शिवाय मालवाहतुकीचे लायसन्स २० वर्षे पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही आणि त्याचे शिकाऊ लायसन्स काढण्याआधी हलक्या वाहनाचे लायसन्स किमान एक वर्ष हातात असावे लागते, त्यामुळे तुमच्या जन्मतारखेवरूनही हिशेब लावता येतो. जो हिशेब समोरचा माणूस अर्ध्या मिनिटात करणार आहे, तो आपण घरी बसून आधीच करावा.

पत्र लिहायला घेण्यापूर्वी लायसन्स उलटे करून समोर ठेवा आणि अनुभवाचे तीन तुकडे पाडा. क्लीनरची वर्षे क्लीनर म्हणून लिहा. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही, उलट माल कसा लावावा, दोर कसा आवळावा आणि टायर हातोडीने कसा वाजवून पाहावा हे माहीत असलेला चालक कंपनीला हवाच असतो. पिकअपची वर्षे हलके मालवाहू वाहन म्हणून लिहा. एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत असलेले मालवाहू वाहन हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलेले आहे, त्यामुळे ती वर्षे कायदेशीर आहेत आणि मोजलीही जातात. फक्त ती जड वाहनाच्या खात्यात ढकलू नका. जड वाहनाचा अनुभव मात्र त्या छापील तारखेपासूनच मोजा, आणि मधल्या काळात लायसन्स संपून नूतनीकरण रखडले असेल, तर तेवढे महिने वजा करा. पूर्वी मुदत संपल्यावर ३० दिवसांची सवलत असे. २०१९ च्या दुरुस्तीने ती गेली. वाहतुकीच्या लायसन्सची मुदत आता ५ वर्षे आहे, पण ती संपून एक वर्ष उलटले की पुन्हा चाचणी द्यावी लागते.

माझ्या दुसऱ्या पत्राची सुरुवात अशी होती : "माझ्या लायसन्सवर जड मालवाहू वाहनाचा वर्ग २०१७ पासून आहे आणि तेव्हापासून मी दहाचाकी व बाराचाकी गाड्या चालवीत आहे. त्यापूर्वी ५ वर्षे पिकअप चालवली व ३ वर्षे क्लीनर होतो." बारा वर्षांची चार झाली, आणि त्या चारांवर मला बोलावणे आले.

आता तयार पत्रांविषयी बोलतो. सायबर कॅफेत ३० रुपयांत जे इंग्रजी पत्र मिळते, ते कृपा करून घेऊ नका. त्यात तुम्ही कष्टाळू, प्रामाणिक आणि दबावाखाली काम करणारे असता, आणि तुमच्या मागचा उमेदवारही शब्दशः तसाच असतो. पहिल्या मुलाखतीच्या दिवशी माझ्यासह तिघांकडे एकच पत्र होते. एकाने तर आधीच्या गिऱ्हाइकाचे गावही बदलले नव्हते. स्वच्छ मराठीत लिहिलेले पत्र आपल्या भागात चालते. इंग्रजीच हवे असेल, तर आधी मराठीत लिहून घरातल्या शिकलेल्या पोराकडून ते इंग्रजीत करून घ्या.

उस्ताद मंडळींबद्दल लिहिताना हात जड होतो. ज्यांनी मला खंबाटकी घाटाचा उतार ब्रेकवर पाय न रोवता गिअरवर उतरायला शिकवले, त्यांचे उपकार फिटणार नाहीत. परंतु "ओळख असली की कागद लागत नाही" हा त्यांचा सल्ला मी आठ वर्षे मानला आणि त्या सल्ल्याने मला ठरलेला पगार व भविष्यनिर्वाह निधी असलेल्या कामापासून तितकीच वर्षे लांब ठेवले. गाडीबद्दल उस्तादाचे ऐकावे. कागदाबद्दल, ज्याला स्वतः कागदावर नोकरी मिळाली आहे, त्याचे ऐकावे.

पत्राच्या मधल्या परिच्छेदात गाडी, माल आणि रस्ता या तीनच गोष्टी याव्यात, पण त्या नावानिशी याव्यात. "सर्व प्रकारची वाहने चालवतो" या वाक्याला काहीच वजन नसते. गाडी किती चाकांची, माल कोणता आणि मार्ग कोणता हे लिहा. प्रामाणिकपणाबद्दल एक शब्दही न लिहिता एक प्रसंग सांगा. मी २०१९ च्या ऑगस्टमधला महापूर लिहिला होता : बेंगळुरूकडे बेदाणा घेऊन निघालेली माझी गाडी महामार्ग बंद झाल्यामुळे किणी टोलनाक्याच्या अलीकडे काही दिवस रांगेत उभी राहिली, मी केबिन सोडली नाही, ताडपत्री दिवसातून दोनदा आवळली, ई-वे बिलाची, म्हणजे मालासोबत लागणाऱ्या ऑनलाइन कागदाची, मुदत संपण्याआधी मालकाला कळवून ती वाढवून घेतली आणि माल कोरडा उतरवला. दोन-तीन ओळींचा मजकूर होता. मुलाखतीत निम्मा वेळ त्यावरच गेला.

चलान आणि अपघात लपवू नका, कारण ते कधी ना कधी बाहेर येतेच. दंड भरून टाका आणि मगच अर्ज करा. अपघात झाला असेल, तर एका वाक्यात तारीख, स्वरूप आणि प्रकरणाची आजची स्थिती लिहा. त्याची कहाणी सांगू नका आणि समोरच्या गाडीवाल्याला शिव्या देऊ नका. जुन्या मालकाने उचल वळती केली नाही, भत्ता बुडवला, हे सगळे खरे असले, तरी पत्रात ते तक्रारखोराचेच दिसते. माझ्या पहिल्या पत्रात तेही होते.

गॅसच्या टँकरसाठी अर्ज करणाऱ्यांनी लायसन्सवरची धोकादायक मालाची नोंद आणि तिची मुदत पहिल्या दोन ओळींतच लिहावी. त्यासाठी तीन दिवसांचे प्रशिक्षण लागते आणि एक भारतीय भाषा व इंग्रजी लिहिता-वाचता येणे नियमातच आहे. त्यामुळे हे पत्र दुसऱ्याकडून लिहून घेणाऱ्याला तेथे लगेच एखादा फलक वाचायला सांगतात.

हे सारे वाचून कोणी घाबरले असेल, तर एवढे सांगतो की माझे शिक्षण दहावीपर्यंतच झाले आहे, माझ्या दुसऱ्या पत्रात शुद्धलेखनाच्या चुका होत्या आणि त्याबद्दल मला कोणीही विचारले नाही. पत्र एका पानाच्या आत असू द्या, आधार क्रमांक त्यात लिहू नका आणि लायसन्सच्या दोन्ही बाजूंची प्रत जोडा. मागची बाजू विसरलात, तर तुम्ही काहीतरी झाकता आहात असेच वाटते.

फोन क्रमांकाखाली मी एक ओळ जोडली होती : "गाडी चालवत असल्यास फोन उचलणार नाही, थांबल्यावर परत करीन." फोन आला तेव्हा मी कराडच्या पुढे होतो. पेठ नाक्याला गाडी बाजूला लावून परत फोन केला, तर पलीकडून पहिला प्रश्न आला, "हँडब्रेक ओढला का?"