ऑटोनॉमस डेटाबेसची परीक्षा देताय? अनुभवी डीबीएंनो, या चुका टाळा

१४ वर्षं डीबीएची, म्हणजे डेटाबेस सांभाळायची नोकरी, रात्री दोनला उठून टेबलस्पेस (डेटा साठवायची जागा) वाढवायची सवय, आणि तरी ओरॅकलच्या ऑटोनॉमस, म्हणजे बरीचशी देखभाल स्वतःच करणाऱ्या डेटाबेसच्या परीक्षेत मी पहिल्या खेपेला आपटले. आमच्याच टीममधला दोन वर्षांचा अनुभव असलेला मुलगा त्याच आठवड्यात पास झाला. त्याला आरमॅनने (ओरॅकलचं बॅकअपचं साधन) धड रिस्टोअरही करता येत नाही. तेच त्याच्या पथ्यावर पडलं.

निकालाच्या कागदावर कुठले विषय कच्चे राहिले ते लिहिलेलं असतं. तो कागद समोर ठेवून बसले तेव्हा लक्षात आलं की माझ्या सगळ्या चुका एकाच जातीच्या आहेत. जे काम सॉफ्टवेअर स्वतः करतं ते मी माझ्या अंगावर घेत होते, आणि जे माझ्यावर सोडलेलं आहे ते बिनधास्त त्याच्यावर ढकलत होते. जित्याची खोड म्हणतात ती हीच. दुसऱ्या खेपेला अभ्यास करताना वहीच्या प्रत्येक पानावर मधोमध रेघ मारली. डावीकडे ‘ते’, उजवीकडे ‘मी’.

‘स्वयंचलित’ या शब्दावर विसंबणं

२०१७ च्या ओपनवर्ल्ड या ओरॅकलच्या मेळाव्यात कंपनीचे सहसंस्थापक लॅरी एलिसन यांनी हा डेटाबेस जाहीर केला तेव्हा तीन विशेषणं लावली होती: स्वतः चालणारा, स्वतःचं रक्षण करणारा, स्वतःची दुरुस्ती करणारा. २०१८ च्या मार्चमध्ये ऑटोनॉमस डेटा वेअरहाउस (विश्लेषणासाठी) आला, ऑगस्टमध्ये ट्रान्झॅक्शन प्रोसेसिंग (रोजच्या नोंदींसाठी). ही विशेषणं जाहिरातीत शोभतात. परीक्षेत मात्र ‘स्वतः’ म्हणजे नेमकं कुठपर्यंत, हे विचारतात.

डावीकडची यादी सोपी आहे. बॅकअप आपोआप होतो आणि मूळ सेटिंगप्रमाणे ६० दिवस राहतो. पॅचिंग आपोआप. एन्क्रिप्शन कायम चालू असतं, ते बंद करायचं बटणच नाही. सिस्डीबीए (सर्वाधिकारी) म्हणून आत शिरता येत नाही. तुमच्या हातात ॲडमिन नावाचा युजर, बस्स. सर्व्हरलेसमध्ये (ओरॅकलच्या सामायिक यंत्रणेवरच्या प्रकारात) टेबलस्पेस बनवायला गेलात तर नकार मिळतो. पण ‘क्रिएट टेबल’मध्ये जुन्या सवयीने स्टोरेजचा क्लॉज लिहिलात तर एररही येत नाही. टेबल बनतं, क्लॉजकडे मात्र काणाडोळा केला जातो. आपल्याला वाटतं आपलं ऐकलं.

घोडं अडतं ते उजवीकडे. ऑटोमॅटिक इंडेक्सिंगचं, म्हणजे डेटा पटकन सापडावा म्हणून त्याची सूची आपोआप बनवण्याचं उदाहरण घ्या. ऑटोनॉमसचं हे इतकं गाजलेलं वैशिष्ट्य, त्यामुळे ते आधीपासून चालूच असणार असं कुणीही धरून चालेल. ते मुळात बंद असतं. डीबीएमएस ऑटो इंडेक्स पॅकेजमधून मोड ‘इम्प्लिमेंट’ करावा लागतो. नुसता अहवाल हवा असेल तर ‘रिपोर्ट ओन्ली’. चालू केल्यावर ते इंडेक्स आधी अदृश्य बनवतं, क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) खरोखर सुधारते का ते तपासतं आणि मगच दृश्य करतं. त्याने बनवलेला इंडेक्स वापरात राहिला नाही तर मूळ सेटिंगप्रमाणे ३७३ दिवसांनी काढून टाकला जातो. ३६५ नाही, ३७३. वार्षिक रिपोर्ट थोडा लांबला तरी त्याचा इंडेक्स जागेवर असावा म्हणून एवढी सवड ठेवली असणार, असा माझा आपला कयास.

ऑटो स्केलिंगचंही, म्हणजे गरजेप्रमाणे क्षमता आपोआप वाढण्याचंही तसंच. सीपीयूचं ऑटो स्केलिंग नवा डेटाबेस बनवताना आधीच टिक केलेलं असतं, स्टोरेजचं नसतं. दोन्हींची मर्यादा मूळ आकड्याच्या तिप्पट. हे दोन चेकबॉक्स डोक्यात एकत्र झाले की चार पर्यायांतला चुकीचा पर्याय अगदी बरोबर वाटू लागतो.

आणि डेटाबेस थांबवला की बिल थांबतं, हाही एक लाडका गैरसमज. सीपीयूचं थांबतं. स्टोरेजचं चालूच राहतं.

‘हाय’ म्हणजे सगळ्यात भारी, असं समजणं

ज्यांना वेळ कमी आहे त्यांनी बाकी सगळं सोडून सर्व्हिसची, म्हणजे डेटाबेसला जोडायच्या मार्गांची नावं पक्की करावीत. डेटा वेअरहाउसला तीन असतात: हाय, मीडियम, लो. ट्रान्झॅक्शन प्रोसेसिंगला पाच, म्हणजे या तिघांत टीपी आणि टीपीअर्जंट यांची भर. नावांवरून वाटतं की हाय हे एक्सप्रेसचं तिकीट आणि लो हे पॅसेंजरचं. मीही तसंच समजले होते आणि सरावाच्या डेटाबेसवर एक छोटं ॲप सरळ ‘हाय’ला जोडून दिलं होतं.

‘हाय’ एका क्वेरीला भरपूर समांतर ताकद देतं, पण एका वेळी मोजक्याच क्वेरी चालू देतं. ऑटो स्केलिंग बंद असेल तर तीन, चालू असेल तर नऊ. त्यापुढची क्वेरी रांगेत उभी राहते. ती मरत नाही, एररही देत नाही, नुसती उभी राहते. ॲप वापरणारा म्हणतो ‘हँग झालंय’, आपण लॉक (दुसऱ्या कुणी अडवून ठेवलेला डेटा) शोधत बसतो, आणि लॉक कुठेच नसतं. महिनाअखेरचा एखादा अवाढव्य रिपोर्ट असेल तर ‘हाय’ योग्य. शेकडो लोक एकाच वेळी छोट्या नोंदी करत असतील तर टीपी. टीपी आणि लो या दोन्हींत समांतर काम होत नाही, टीपीअर्जंटमध्ये आपण स्वतः मागितलं तर होतं. संसाधनांच्या वाटणीत टीपीअर्जंटचे १२ वाटे, टीपीचे ८, हायचे ४, मीडियमचे २ आणि लोचा १. हे आकडे बदलता येतात, पण परीक्षेला जाताना मूळचे माहीत असलेले बरे.

जुन्या खोडांना बाधणारी याच घरातली आणखी एक गोष्ट म्हणजे हिंट, क्वेरी कशी चालवायची याची आपण कोडमध्ये लिहिलेली सूचना. डेटा वेअरहाउस आपण लिहिलेल्या ऑप्टिमायझर हिंट मूळ सेटिंगमध्ये ऐकतच नाही. ट्रान्झॅक्शन प्रोसेसिंग ऐकतं. वर्षानुवर्षं हिंटांची ठिगळं लावून चालवलेला कोड वेअरहाउसवर नेला की प्लॅन (क्वेरी चालवायची पद्धत) बदलतात, आणि दोष स्थलांतराला दिला जातो.

राखीव इमारत आणि भाड्याची खोली यांत गोंधळ

सर्व्हरलेस आणि डेडिकेटेड ही दोन वेगळी घरं आहेत. दोन्ही एक्साडेटा या ओरॅकलच्या यंत्रणेवरच उभी, पण सर्व्हरलेसमध्ये तुम्ही भाडेकरू, खालची इमारत ओरॅकल सांभाळतं. डेडिकेटेडमध्ये अख्खी इमारत तुमच्यासाठी राखलेली. तिथे आधी एक्साडेटा इन्फ्रास्ट्रक्चर, त्यावर ऑटोनॉमस व्हीएम क्लस्टर, त्यात कंटेनर डेटाबेस आणि त्यात प्रत्यक्ष डेटाबेस अशी उतरंड असते. ती सांभाळणारा फ्लीट ॲडमिनिस्ट्रेटर वेगळा आणि डेटाबेस वापरणारा वेगळा. पॅचिंगचं वेळापत्रक ठरवण्याची जास्त मोकळीक डेडिकेटेडमध्ये मिळते. प्रश्न वाचताना आधी हे घर कुठलं ते बघा. मी सर्व्हरलेसची उत्तरं डेडिकेटेडच्या प्रश्नांना चिकटवून आले होते.

जुन्या नोट्स

परीक्षेचा कोड १झेड०-९३१, आणि त्यामागे वर्षाचा आकडा. अंक तोच राहतो, अभ्यासक्रम बदलतो. पूर्वी हिला स्पेशालिस्ट म्हणत, पुढे प्रोफेशनल म्हणू लागले. जुन्या पीडीएफमध्ये जिथे ‘शेअर्ड’ लिहिलंय त्याला आता ‘सर्व्हरलेस’ म्हणतात. सीपीयू मोजायचं माप ओसीपीयू होतं, २०२३ मध्ये ईसीपीयू आलं, आणि ही दोन मापं सारखी नाहीत. शेर आणि किलोसारखं समजा. २०२० च्या लॉकडाउनमध्ये ओरॅकलने हे प्रशिक्षण आणि परीक्षा काही आठवडे फुकट ठेवल्या होत्या. त्या वेळच्या नोट्स अजून व्हॉट्सॲपवर फिरतात. ‘सर, नोट्स आहेत का?’ म्हटलं की त्याच येतात. घेऊ नका. ओरॅकलच्या मायलर्न या प्रशिक्षणाच्या संकेतस्थळावर चालू वर्षाच्या परीक्षेचं पान उघडा, विषयांची यादी उतरवून घ्या आणि तिथूनच सुरुवात करा.

डंपबद्दल थोडक्यात सांगते. तयार प्रश्नोत्तरांच्या त्या फायलींत चुकीच्या उत्तरांची रेलचेल असते, आणि त्या वापरल्याचं उघड झालं तर प्रमाणपत्र रद्द होऊ शकतं.

हात न लावता व्हिडिओ बघत बसणं

दीडपट वेगाने व्हिडिओ बघून अभ्यास झाल्याचं समाधान मिळतं, हे खरं. पण वॉलेट (डेटाबेसला सुरक्षित जोडण्यासाठी उतरवून घ्यायची झिप फाइल) म्हणजे काय ते पाहून कळत नाही, त्याने एकदा छळल्यावर कळतं. छळून घ्यायला पैसे लागत नाहीत. ओरॅकल क्लाउडच्या ‘ऑलवेज फ्री’ खात्यावर दोन ऑटोनॉमस डेटाबेस मिळतात, प्रत्येकी २० जीबीचे. लाइव्हलॅब्जवरचे सराव पाठही आहेत.

इथेही दोन खड्डे आहेत. खातं उघडताना होम रीजन, म्हणजे खात्याचं मूळ ठिकाण विचारतात. आपल्याकडे मुंबई आणि हैदराबाद असे दोन पर्याय आहेत. एकदा निवडलं की बदलता येत नाही, आणि फुकटचे डेटाबेस त्याच रीजनमध्ये बनतात. दुसरा खड्डा सणासुदीचा. सलग सात दिवस डेटाबेसला हात लावला नाही तर तो आपोआप थांबतो. गणपतीत गावी जाऊन आलात आणि तो थांबलेला दिसला तर घाबरू नका, पुन्हा चालू करा. एकूण ९० दिवस थांबलेला राहिला तर मात्र तो कायमचा जाऊ शकतो.

आता सरावात हमखास अडवणारे एरर.

ओआरए-२८७५९, फाइल उघडता आली नाही. हा वॉलेटचा सगळ्यात नेहमीचा त्रास. झिप उघडून फोल्डर ठेवला, पण त्यातल्या एसक्यूएलनेट फाइलमधला डिरेक्टरीचा मार्ग तसाच राहिला. तिथे आपल्या फोल्डरचा खरा मार्ग लिहा आणि टीएनएस ॲडमिन हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलही त्याच फोल्डरकडे वळवा. एसक्यूएल डेव्हलपरला झिप न उघडता तशीच द्यायची असते, त्यामुळे तिथे चालतं आणि एसक्यूएलप्लसमध्ये चालत नाही असा चमत्कार दिसतो. वॉलेटशिवायही जोडता येतं, पण त्यासाठी आधी ॲक्सेस कंट्रोल लिस्ट (कुठल्या पत्त्यांवरून जोडता येईल त्याची यादी) लावलेली हवी किंवा प्रायव्हेट एंडपॉइंट (खाजगी नेटवर्कमधला पत्ता) हवा. ही अट परीक्षेच्या दृष्टीनेही महत्त्वाची.

ओआरए-१२५०६. काल घरून चालत होतं, आज नाही. ॲक्सेस लिस्टमध्ये घरच्या ब्रॉडबँडचा आयपी टाकला होता आणि रात्रीत तो बदलला. पासवर्ड बदलत बसू नका, लिस्ट बघा.

ओआरए-२०४०१, ऑब्जेक्ट स्टोरेजवरून (क्लाउडवरच्या फायलींच्या साठ्यातून) डेटा ओढताना. डीबीएमएस क्लाउड या पॅकेजसाठी क्रेडेन्शियल (ओळखीची नोंद) बनवताना क्लाउडचा लॉगिन पासवर्ड दिलात ना? तिथे ऑथ टोकन (पासवर्डऐवजी वापरायची वेगळी किल्ली) लागतं. ते बनवताना एकदाच दिसतं, लगेच कॉपी करा. टोकन बरोबर असूनही एरर येत असेल तर युजरनेम तपासा. फेडरेटेड खात्यात (जिथे लॉगिन वेगळी ओळख सेवा सांभाळते) नावाआधी ओळख सेवेचं नाव जोडावं लागतं. ओआरए-२०४०४ आला तर परवानगीकडे न जाता आधी फाइलचा पत्ता बघा. बकेटच्या (फायली ठेवायच्या कप्प्याच्या) नावातलं एखादं कॅपिटल अक्षर चुकलेलं असतं. आणि कॉपी झाला पण ओळी कमी आल्या असतील तर युजर लोड ऑपरेशन्स हा व्ह्यू उघडा. त्यात त्या लोडच्या लॉग टेबलाचं आणि नाकारलेल्या ओळींच्या टेबलाचं नाव मिळतं.

ओआरए-१२८३८ हा माझा लाडका. वेअरहाउसवर हाय किंवा मीडियमने इन्सर्ट केलं आणि कमिट न करता (बदल पक्का न करता) तेच टेबल वाचायला गेलं की हा येतो. तिथे समांतर डीएमएल (डेटा बदलण्याचं काम एकाच वेळी अनेक तुकड्यांत करणं) मूळचंच चालू असतं. कमिट करून वाचा, नाहीतर सेशनपुरतं समांतर डीएमएल बंद करा. हा एरर मी स्वतः खाल्ला होता म्हणून दुसऱ्या खेपेला त्या विषयावर क्षणभरही अडले नाही.

डेटा पंपने (डेटा आत-बाहेर नेण्याच्या साधनाने) इम्पोर्ट केल्यावर लॉग फाइल सापडत नाही म्हणूनही लोक हैराण होतात. सर्व्हरवर शिरून बघायची सोय नाही. लॉग डेटा पंप डिरेक्टरीत असतो. डीबीएमएस क्लाउडच्या लिस्ट फाइल्सने बघायचा आणि पुट ऑब्जेक्टने बकेटमध्ये हलवून उतरवून घ्यायचा.

परीक्षेच्या दिवशी

घरून ऑनलाइन देणार असाल तर नोंदणीतलं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव जुळायला हवं. आपल्याकडे हे प्रकरण साधं नाही. पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये, जुन्या कागदावर आडनाव पुढे, लग्नानंतर बदललेलं आडनाव एका कार्डावर आणि माहेरचं दुसऱ्यावर. माझ्या मायलर्नच्या खात्यात माहेरचं आडनाव होतं, ते परीक्षेच्या तीन आठवडे आधी बदलून घेतलं. टेबल रिकामं ठेवा, दुसरा मॉनिटर काढून ठेवा, खोलीचं दार लावून घ्या. आणि घरच्यांना सांगून ठेवा की कुरिअर आलं तरी हाक मारायची नाही. आमच्याकडे सासूबाईंनी दारावर चिठ्ठीच चिकटवली होती: ‘परीक्षा चालू आहे, बेल वाजवू नये.’ दूधवाल्याने ती वाचली आणि बेल न वाजवता दारावर धाडधाड थाप मारली.