घाटात एएमटी गाडी मागे सरकू नये म्हणून

डिझायर, टिगोर, ऑरा यांतल्या एएमटी (क्लच पेडल नसलेल्या, गिअर आपोआप बदलणाऱ्या) गाड्या धुळे-जळगावच्या सपाट रस्त्यावर झकास चालतात. चाळीसगावहून कन्नड घाट चढताना मात्र गिअर दोन-तीन, दोन-तीन करत राहतो, आणि समोरच्या ट्रकमुळे थांबावं लागलं की गाडी मागे सरकते.

१. चढ लागण्याआधीच लिव्हर 'एम' (मॅन्युअल, म्हणजे गिअर आपण बदलायचा) वर घ्या आणि दुसरा गिअर धरून ठेवा. रस्ता मोकळा दिसला तरच तिसरा टाका.

२. चढावर थांबलात की हँडब्रेक ओढा. निघताना हलका ॲक्सिलरेटर द्या, गाडी पुढे ओढायला लागली की मगच हँडब्रेक सोडा. हिल होल्ड (ब्रेकवरून पाय काढल्यावरही चढावर गाडी धरणारी सोय) असला तरी तो दोनेक सेकंदच धरतो, भरल्या गाडीत त्याच्या भरवशावर राहू नका.

३. उतारावरही दुसराच गिअर ठेवा. इंजिनच वेग आवरतं, ब्रेक तापत नाहीत. न्यूट्रल कधीच नको.

एक मात्र सांभाळा: ॲक्सिलरेटर दाबून गाडी चढावर जागच्या जागी धरू नका. एएमटीच्या आत साधा क्लचच असतो, तो अशाने जळतो. जळका वास आला तर गाडी कडेला घेऊन थंड होऊ द्या.